गलबत कोणाचं, काठ कोणाचा?

खोपोलीहून पालीकडे जाताना, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचं स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखानाची फौज याच अरुंद रानात कोंडली गेली. ही अंबा पुढे जांभूळपाडा, पाली करत नागोठण्याला उतरते. तिथून तिची खाडी होते आणि धरमतरच्या रुंद पाण्यात मिसळते. खोपोलीची पाताळगंगाही शेवटी तिथेच येते. उंबरखिंडीनंतर अठरा वर्षांनी, खांदेरी बेटाच्या झगड्यात, मराठ्यांची गलबतं इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’समोरून मागे वळली ती याच नागोठण्याच्या खाडीत शिरली.

ती पळाली की ठरवून मागे गेली, यावर एका मामा-भाचीचं एकमत होत नाही. मामा खोपोलीत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची जहाजबांधणीची इंजिनिअर. राहते कर्जतला आणि कामासाठी लोकलने मुंबई गाठते. मामांना विचारलं तर ते गलबत म्हणजे आपल्या नदी-खाड्यांची खरी तोफनौका. भाचीचं म्हणणं, आधी तोफेचं वजन सांगा, मग नौकेचं कौतुक करा.

भाची: मामा, १८ ऑक्टोबर १६७९ ची सकाळ घ्या. मराठ्यांची पन्नास-साठ गलबतं चालून आली. समोर इंग्रजांची जेमतेम आठ जहाजं. ‘डव्ह’ नावाची एक गुराब, म्हणजे गलबताहून मोठी लढाऊ नौका, आपल्या हाती लागली, बाकीची मागे राहिली किंवा पांगली. लढायला उरलं एकटं ‘रिव्हेंज’. केग्विन आणि मिंचिन हे इंग्रज अधिकारी त्यावर होते. त्या एका जहाजाने सगळा ताफा नागोठण्याच्या तोंडापर्यंत रेटत नेला. याला तुम्ही शाळेत काय म्हणून शिकवत होतात?

मामा: पूर्ण वाक्य शिकवत होतो. नागोठण्याच्या तोंडापर्यंत नेला, आणि तिथे ‘रिव्हेंज’ थांबलं. पुढे पाणी उथळ. गलबतं आत गेली, जहाज बाहेर राहिलं.

भाची: म्हणजे पळून गेली.

मामा: अगं, आपण लढत कशासाठी होतो ते बघ ना. मराठी आरमारातल्या मायनाक भंडारीची माणसं खांदेरीवर तटबंदी उभारत होती. त्यांना दगड, चुना, धान्य आणि दारूगोळा पोचवायचा होता. इंग्रजांना ते पोचू द्यायचं नव्हतं, कारण खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडावरचं ठाणं. १९ सप्टेंबरला त्यांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग त्यांनी वेढा घातला. ‘रिव्हेंज’ बुडवणं हे आपल्या गलबतांचं कामच नव्हतं. त्यांना ‘रिव्हेंज’ला चुकवायचं होतं, आणि ते त्यांनी केलं.

भाची: कसं केलं ते सांगा. पराक्रम राहू द्या, पाणी सांगा.

मामा: पाणीच सांगतो. थळचा किनारा आपला. तिथून बेट डोळ्यांसमोर. वारा पडला की इंग्रजांचं जड जहाज जागच्या जागी. गलबताला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, त्याला वल्ही आहेत. रात्री किनाऱ्याच्या सावलीतून निघायचं, मधल्या उथळ पाण्यातून, जिथे मोठ्या जहाजाचा तांडेल जीव गेला तरी यायचा नाही. माल उतरवायचा आणि उजाडायच्या आत परत. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांतली कुरकुर हीच आहे, की ही हलकी होडकी आपल्या जहाजांच्या हातालाच लागत नाहीत.

भाची: ठीक. आता माझं ऐका. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकातल्या आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन केलंय. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची लहान. पुढच्या काठीला मोठं तिकोनी शीड. वल्ही चाळीस-पन्नास. ताशी चार मैल वल्हवता येतं. लहान गलबतांना पक्कं डेकही नाही, चिरलेल्या बांबूंचा माच टाकलेला, म्हणजे वजन वाचलं. त्यावर फिरत्या कण्यावरच्या छोट्या तोफा. मोठ्या गलबतांना पक्कं डेक आणि सहा-आठ तोफा, पण गोळा किती? दोन ते चार पौंडांचा. एवढ्या गोळ्याने ओकच्या लाकडाच्या बाजूला काय होणार?

मामा: बाजूला मारतच नव्हते. गुराबा मागून मारायच्या, आणि मारायच्या डोलकाठ्यांवर. जहाजाच्या मागच्या अंगाला तोफा कमी, आणि डोलकाठी पडली की जहाज लंगडं. मग गलबतं दोन्हीकडून चिकटायची आणि दोन-दोनशे माणसं तलवारी घेऊन वर चढायची. हे ऑर्मनेच लिहिलंय. तू फक्त वजनाचं पान वाचलंस.

भाची: गुराबांचंही वाचलंय. दीडशे ते तीनशे टन, दोन किंवा तीन डोलकाठ्या. नाळ लांब, पुढे निमुळती आणि खाली झुकलेली. तिच्या मागच्या भिंतीत दोन झरोके, त्यातून नऊ ते बारा पौंडी दोन तोफा सरळ पुढे बघणाऱ्या. म्हणजे पाठलागाची रचना. वारा नसला की गलबतांनी गुराबेला दोर लावून ओढायचं. डिझाइन म्हणून ही जोडी छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही रचना हौसेने निवडलेली नाही. जड तोफ डेकवर ठेवली की बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो. तो सावरायला बोट रुंद करा, नाहीतर पाण्यात खोल बसवा. खोल बसवली की खाडी गेली. म्हणजे उथळ पाण्याचा हट्ट धरला की तोफ लहानच राहणार. तुम्ही ज्याला युक्ती म्हणता ती माझ्या टेबलावर नाइलाज असते.

मामा: नाइलाज ओळखून त्यातून बेत आखणं ही युक्ती नाही? आज्ञापत्र काढ. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात गुराबा बांधताना मध्यम रीतीने बांधाव्यात, असं सांगितलंय. आणि ज्या वाऱ्याशिवाय हलत नाहीत असली मोठी जहाजं करायचं कारणच नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. मोठी जहाजं त्यांना ठाऊक होती, पोर्तुगीजांची समोर दिसत होती. तरी ती नकोत म्हणून लिहिणारा माणूस लाचार नसतो.

भाची: आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच्या कितीतरी आधी, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आल्यावर जहाजं बांधायला माणसं कुठून आणावी लागली? पोर्तुगीजांकडून. रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा, बरोबर शेकडो कारागीर. जहाजं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध म्हणून बांधताहेत, असं सांगितलं गेलं. पण उद्या हेच आरमार आपल्यावर येईल, हे वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनने ओळखलं. त्याने त्या बापलेकांना फितवून काम सोडायला लावलं. कौशल्य उसनं होतं, मामा.

मामा: पहिल्या दिवशी उसनं. त्यानंतर आपले सुतार शिकले. आणि कल्याणची ती जहाजं ज्या पाण्यात उतरली ते पाणी तुमच्या कर्जतचं, उल्हास नदीचं. लाकूडही याच रानांतलं असणार.

भाची: कागद?

मामा: रान आहे की.

भाची: रान आजही आहे. कागद नसेल तर ते वाक्य तुमच्या भाषणात ठेवा, वादात नको. उलट उल्हास नदीचं एक गैरसोयीचं सत्य सांगते. कल्याणहून समुद्रात जायचं तर दोन वाटा. एक ठाण्यावरून मुंबईच्या बंदरात, दुसरी वसईच्या खाडीतून. दोन्हींवर तेव्हा पोर्तुगीज. बोट कितीही हलकी करा, वल्ही कितीही लावा, तोंड दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ती आतल्या आत कुजणार. म्हणूनच पुढे आरमाराची ठाणी उघड्या समुद्रावर गेली: सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, मग कुलाबा.

मामा: आणि खांदेरी. बघ, आता तू माझ्याच बाजूने बोलतेयस. खांदेरी कशाला हवी होती? तोंड आपलं असावं म्हणून.

भाची: तुमच्या बाजूने नाही. मी म्हणतेय, गलबताचं डिझाइन हा अर्धाच प्रश्न. तुम्ही सगळं श्रेय बोटीला देता. नागोठण्याच्या खाडीत ती वाचली, कारण खाडीचे दोन्ही काठ मराठ्यांचे होते. काठावर शत्रू असता तर तीच खाडी सापळा झाली असती.

मामा: उदाहरण दे.

भाची: विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटण खाडीच्या तोंडात, गुराबा एकमेकींना बांधून उभं. समोरून अॅडमिरल वॉटसनचा तोफखाना. जमिनीवर पेशव्यांची फौज. एक बॉम्बगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, जे ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पूर्वी पकडलेलं जहाज होतं. ते पेटलं, त्याच्या शेजारचं पेटलं, आणि तासाभरात आरमार संपलं. एक गलबतही खाडीत वर पळालं नाही. पळून कुठे जाणार? काठच राहिला नव्हता.

मामा: त्या दिवसाचं दुखणं वेगळं आहे. काठ इंग्रजांनी घेतला नाही, आपल्याच माणसांनी घेतला. आणि गुराबा एकत्र बांधून ठेवणं हा बोटीचा दोष नव्हे. त्याच्या आदल्या वर्षीचं का विसरतेस? १७५५ मध्ये कमोडोर जेम्स ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गाकडे आला. चव्वेचाळीस तोफांचं जहाज. गलबतं आंग्र्यांच्या गुराबांना दोर लावून ओढू लागली, वाऱ्याचं नाव नाही. खलाशांनी नको ते सामान समुद्रात फेकलं आणि डोलकाठ्यांना अंगरखे, गोधड्या, पागोटी बांधली, वाऱ्याची झुळूक मिळेल म्हणून. आणि निसटले! ‘प्रोटेक्टर’ मागेच राहिलं.

भाची: निसटले आणि किल्ला पडला.

मामा: पडला. पण बोटीने आपलं काम केलं.

भाची: बघा, हाच आपला घोळ आहे. तुम्ही बोटीला तिच्या कामावरून मोजता, मी तिच्या निकालावरून. एक दुसरं उदाहरण देते, त्यात मराठे आहेत पण गलबत इंग्रजांचं आहे. १९१५, तैग्रिस नदी. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या १०३व्या, ११०व्या आणि ११७व्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. दख्खन आणि कोकणातली पोरं. त्यांच्या सोबतीला नदीतल्या तोफनौका. इंग्रजांनी यासाठी खास ‘फ्लाय’ वर्गाच्या बोटी ग्लासगोला यॅरोकडे बांधून घेतल्या, सुट्या करून आबादानला पाठवल्या आणि तिथे जोडल्या. गुप्तता राहावी म्हणून कागदावर त्या ‘चीनसाठीच्या’ बोटी होत्या. लांबी १२६ फूट, रुंदी २० फूट, पाण्यात खोली जेमतेम दोन-तीन फूट. वजन ९८ टन. एक चार इंची तोफ.

मामा: दोन-तीन फुटांत चार इंची तोफ? मग तुझा गुरुत्वमध्य कुठे गेला?

भाची: म्हणून तर ती रुंद आणि चपट्या तळाची आहे. तांब्या पाण्यात खोल बसतो, परात तरंगते. पण परातीची अडचण वेगळी. पंखा कुठे बसवणार? तळाखाली बसवला तर गाळात रुतेल, काठाला लागेल. मग तळालाच बोगदा कोरायचा आणि पंखा त्यात बसवायचा. पंख्याचा वरचा भाग चक्क पाण्याच्या पातळीच्या वर असतो. पंखा फिरू लागला की बोगद्यातली हवा निघून जाते, पाणी वर चढतं आणि तो बोगदा भरतो. हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. याच कल्पनेवर मोठ्या ‘इन्सेक्ट’ वर्गाच्या बोटी बांधल्या: साडेदोनशे फुटांच्या आतबाहेर लांब, पाण्यात फक्त चार फूट, आणि वर दोन सहा इंची तोफा.

मामा: मग तैग्रिसवर या परातीने काय दिवे लावले?

भाची: तिच्या आधीच्या छोट्या बोटींनी खूप लावले. १९१५ च्या जूनमध्ये छोट्या बोटींच्या रेट्यानेच अमारा पडलं. मग बगदादच्या अलीकडूनच माघार घ्यावी लागली, आणि काठ हातचा गेला. १ डिसेंबरला उम्म-अत-तुबलजवळ ‘फ्लाय’ वर्गातल्या ‘फायरफ्लाय’च्या बॉयलरला गोळा लागला. चपट्या बोटीत बॉयलर लपवायला खोलीच नसते. मोठ्या जहाजात तो पाण्याच्या पातळीखाली सुरक्षित बसतो, इथे तो वरच. बोट मेली. ‘कॉमेट’ ही दुसरी बोट तिला ओढायला गेली आणि गाळात बसली. दोन्ही गेल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि त्या मराठा पलटणींतली वाचलेली माणसं कैदेत गेली. ‘फायरफ्लाय’ तुर्कांनी वापरली. २६ फेब्रुवारी १९१७ ला, काठावर इंग्रज फौज पुढे सरकल्यावर, ती परत मिळाली. बोट तीच, तोफ तीच. बदलला तो फक्त काठ.

मामा: हे तू चांगलं मांडलंस. आता यावरून मी काय म्हणतो बघ. जगातलं सगळ्यात मोठं आरमार ज्याच्याकडे, त्यालाही शेवटी नदीत लढायचं म्हटल्यावर तळ चपटा करावा लागला, तोफ मोजून घ्यावी लागली. अमात्यांनी लिहिलेलं त्याला १९१५ मध्ये ग्लासगोला उमगलं. मग आमचा तो नाइलाज आणि त्यांचं ते इंजिनिअरिंग, असं का?

भाची: असं नाही. दोघांचाही नाइलाजच. पण इंग्रजांना ती बोट जन्माला घालायला यॅरोचा कारखाना होता, आणि एक गेली तर दहा पाठवायची सोय होती. आंग्र्यांचं आरमार एका दुपारी जळालं तर त्यामागे दुसरं नव्हतं. हलक्या बोटींचा खरा शत्रू मोठं जहाज नसतं, मामा. त्यांना भरून काढणारा धक्का आपल्यामागे नसणं, हा असतो.

मामा: हे मान्य. पण मग कल्याणची तुझी गोष्ट पुन्हा बघ. व्हिएगस बापलेक निघून गेले तरी आरमार थांबलं नाही. वीस वर्षांत पन्नास-साठ गलबतं एका दिवशी समुद्रात उभी करता आली, हे धक्का असल्याशिवाय होतं का? तटबंदीसारखं ते दिसत नाही एवढंच. सुतार, लोहार, शीडवाले, वल्हवणारे भंडारी आणि कोळी. त्यांच्या बोटींतली एकही आज उरलेली नाही, म्हणून तुझ्या हिशोबात ते येत नाहीत.

भाची: येतात. उलट, माझ्या ऑफिसात रोज येतात. २०२५ च्या जूनमध्ये नौदलात ‘अर्नाळा’ दाखल झाली, उथळ पाण्यातली पाणबुडीविरोधी नौका, वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्यावरून नाव. सुमारे ७७ मीटर लांब. तिला बाहेर पंखाच नाही, डिझेल इंजिनावर चालणारे वॉटरजेट आहेत. तळातून पाणी आत घ्यायचं, मागे जोराने फेकायचं. तैग्रिसच्या बोगद्याचा हा पुढचा अवतार. किनाऱ्याजवळ काम करायचं तर आजही पहिला प्रश्न तोच: पाणी किती? तोफ किती हा प्रश्न दुसरा.

मामा: तुझ्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो! पाणी आधी, तोफ नंतर. गलबत बांधणाऱ्याने हेच केलं होतं.

भाची: हो, पण तुम्ही दर वेळी तिसरा प्रश्न गाळता: काठ कोणाचा? उंबरखिंडीचं उदाहरण तुम्हीच देता. कारतलबखानाची फौज मोठी होती, खिंड अरुंद होती, हे खरं. पण खिंड एकटीने कोणाला हरवत नाही. वरच्या कड्यांवर मावळे होते म्हणून ती खिंड सापळा झाली. कडे मोगलांकडे असते तर तीच खिंड सुरक्षित वाट झाली असती. अंबेच्या वरच्या टोकाला जे कड्यांनी केलं, ते खालच्या टोकाला खाडीच्या काठांनी केलं. तिथे बोट होती, पण निर्णय काठाने दिला.

मामा: मग खांदेरी कोण जिंकलं, ते तूच सांग. निकालावरून मोज.

भाची: १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला, किल्ला मराठ्यांकडे राहिला. म्हणजे खांदेरी मराठ्यांनी जिंकली. पण त्याच जानेवारीत शेजारचं उंदेरी बेट सिद्दीने घेतलं आणि तिथून खांदेरीवर तोफा डागायला लागला. म्हणजे थळचा किनारा आणि खांदेरी यांच्यामधलं तेच उथळ पाणी, ज्यातून रात्री गलबतं जात होती, आता शत्रूच्या तोफेखाली आलं. किल्ला मिळाला, पण त्याची वाट अर्धी गेली.

मामा: आणि तरी किल्ला टिकला.

भाची: टिकला, कारण गलबतं त्या तोफेखालूनही जात राहिली. हे मात्र तुमच्या बाजूने मोजा. पण शाळेत शिकवायचं असेल तर उंदेरीसकट शिकवा. नाहीतर पोरांना वाटतं, बोट हलकी असली की काम झालं.